तेराशेच्या ब्लॉकवर अकराशेचं हेड

६ मार्च

दादा,

हे पत्र कामाचं आहे. फाडायचंच असेल तर निदान मागचं पान वाचून मग फाड, कारण मापं तिथे लिहिली आहेत. बाकी कशाचंही उत्तर मी मागत नाही.

मागच्या महिन्यात मी निवृत्त झाले. एकतीस वर्षं कारखान्यातली शिलाई मशीनं दुरुस्त केली, आणि जाताना त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. म्हणजे आता वेळ किती हळू जातो ते बघत बसायची सोय झाली. चार दिवस बसले. पाचव्या दिवशी उठले, मागच्या गॅरेजचं शटर वर केलं आणि बदकावरचं कापड ओढलं.

हो, बाबांची गाडी, आपलं बदक, अजून आहे. घरात त्याचं नाव काढायचं नाही असा बारा वर्षं जणू नियमच पडून गेलाय. आई 'ते मागचं' म्हणते. टायर बसलेत, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटून मोडलाही, पण बॅटरी जोडून हॉर्न दाबला तर तस्सा ओरडला, बदकासारखाच. शेजारचं कुत्रं खोलीत पळालं.

इंजिन हाताने फिरवलं. फिरतं. पिस्टन, सिलिंडर, सगळं ठीक. हेड मात्र कामातून गेलेलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये तडा आहे, नख अडकेल एवढा. तो कसा गेला ते तुला माहीत आहे. मी त्यात शिरत नाही.

आता मुद्दा. आपल्या तेराशे सीसीच्या इंजिनाचं हेड कुठेच मिळत नाही. शहरातले सगळे भंगारवाले पालथे घातले. शेवटी एकाकडे त्याच कंपनीच्या धाकट्या गाडीचं इंजिन दिसलं, अकराशेचं. तिथेच बसून हेड सोडवलं, बरोबर नेलेलं जुनं गॅस्केट, ब्लॉक आणि हेडच्या मधलं ते पातळ पान, त्यावर ठेवलं, तर दहाच्या दहा बोल्टची भोकं जुळली! भंगारवाल्याच्या बायकोचं शिलाई मशीन दोन वर्षं टाके सोडत होतं. ते मी नीट करून दिलं आणि हेड पोत्यात घालून घरी आणलं.

आईने विचारलं, "हे काय उचलून आणलंस?"

म्हटलं, "इंजिनाचं झाकण. धाकट्याचं थोरल्यावर बसतं का बघते."

"धाकट्याचं थोरल्यावर कधी बसलंय?" असं म्हणून ती आत गेली.

तू उभा जन्म जहाजांची इंजिनं सांभाळलीस. म्हणून विचारते. तेराशेच्या ब्लॉकवर अकराशेचं हेड चालेल का? काय बघावं लागेल? तुझा पत्ता आईला आलेल्या पार्सलवरून उतरवून घेतला, तिला न सांगता. रविवारी तिचा तुझ्याशी फोन चालू असतो तेव्हा मी नेहमीसारखी बाहेर जाऊन उभी राहते. तो आपला करार मी मोडलेला नाही. पत्राबद्दल करारात काही नव्हतं.

पाना


२ एप्रिल

दादा,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. रोज अकराच्या सुमाराला मी फाटकाशी उभी असते ती ऊन खायला.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते काय काय झालं. हेड उलटं ठेवलं. सिलिंडरच्या वर येणारे जे चार खळगे असतात, ज्यांत पेट्रोल पेटतं, त्यांत किती मावतं ते मोजायचं होतं. आईच्या इंजेक्शनची सिरिंज घेतली, खळग्यावर भोक पाडलेली प्लास्टिकची चकती ठेवली आणि थेंब थेंब तेल भरलं. आपल्या जुन्या हेडात तेहेतीस मिली मावतं. अकराशेच्या हेडात फक्त सव्वीस. आई आता आल्यागेल्याला सांगते, "माझी सुई हिने गाडीला टोचली."

हिशोब घेऊन लेथवाल्या काकांकडे गेले. बाबांचे दोस्त, तेच. अजून रोज लेथवर उभे राहतात. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही, आणि कोणत्या ते सांगत नाहीत.

"मोठ्या ब्लॉकवर धाकटं हेड," ते म्हणाले. "दाब चढणार."

"पावणेनऊचा साडेदहाच्या आसपास जातो, काका."

"मग साध्या पेट्रोलवर ठोकेल. चढ लागला की आत कुणीतरी हातोडी घेऊन बसलंय असं वाटेल."

"मग काय करू?"

"खळगे मोठे कर. प्रत्येकी पाच मिली. आणि बेतानं. घासलेलं परत चिकटवता येत नाही."

मग मधेच त्यांनी विचारलं, "तुला पाना का म्हणतात गं? चाळीस वर्षं विचारीन म्हणतोय." मी सांगितलं, बाबा गाडीखाली झोपून नुसता हात बाहेर काढायचे आणि "पाना!" म्हणायचे, की मी हत्यार घेऊन धावायचे. काका लेथ थांबवून माझ्याकडे बघतच राहिले. "मला वाटायचं तो तुला हाक मारतोय!" म्हटलं, दोन्ही असायचं.

आठ दिवस घासत होते. चुरा नाकात, चुरा केसांत. थोडं घासायचं, पुसायचं, सिरिंजने मोजायचं. व्हॉल्व्ह जिथे बसतात त्या कडांना हात लावायचा नाही. दादा, शिलाई मशीनं मी पोटासाठी नीट केली आणि ती मला आवडायचीही, पण हे निराळं आहे. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात जागे होतात. आई म्हणते मी गुणगुणते. मला तर माहीतही नव्हतं.

चारही खळगे एकतीस मिलीवर आलेत, थेंबाचा फरक नाही. आता दाब नऊच्या जरासा वर राहील. गॅस्केट तेराशेचंच घेतलंय, बाबांच्या कपाटात कोरं निघालं. अकराशेचं लावलं असतं तर त्याची कडा सिलिंडरच्या तोंडात आली असती आणि जळाली असती. बघ, मलाही कळतं.

येत्या पंधरवड्यात काका व्हॉल्व्ह बसवून देतील. मग रविवारी, सोळा तारखेला, हेड चढवणार.

पाना


१५ एप्रिल, शनिवार

दादा!

तुझं कार्ड आलं. "तेलाचं भोक पाहिलंस का?" वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. बारा वर्षांनी चार शब्द, म्हणजे तीन वर्षांना एक. माझी काही तक्रार नाही.

पाहिलं नव्हतं.

खरंच पाहिलं नव्हतं रे. बोल्ट जुळले, पाण्याच्या वाटा जुळल्या, आणि मी आपली खुशीत. कार्ड हातात घेऊनच गॅरेजमध्ये पळाले. ब्लॉकमधून वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरला तेल चढतं ते भोक आपल्या तेराशेला अगदी मागच्या कोपऱ्यात आहे. अकराशेच्या हेडात ते करंगळीच्या पेराएवढं अलीकडे! मधे गॅस्केट. म्हणजे तेल खालून येऊन गॅस्केटवर डोकं आपटणार आणि वरचे रॉकर कोरडे ठणठणीत. उद्या हेड चढवलं असतं, चावी फिरवली असती, दहा मिनिटं कौतुकाने आवाज ऐकला असता, आणि सगळ्याचा चुथडा.

हेड ढकलगाडीवर घालून तशीच काकांकडे गेले. त्यांनी पाहिलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "समुद्रापलीकडून त्याला दिसलं," म्हणाले, "आणि आपण हातभर अंतरावरून बघत होतो!" मग त्यांनी हेडाच्या पोटाला दोन भोकांच्या मधे उथळशी खाच पाडून दिली. आता तेल खालून येईल, खाचेतून सरकेल आणि वर जाईल. मी फुंकर मारून पाहिली. काकांनी मारून पाहिली. मग पुन्हा मी मारली.

तुझ्याशी माझा पत्रव्यवहार चालतो हे अर्थातच आईला कळलं. तिने कार्ड चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं. "एवढंच लिहिलंय," म्हणाली, "पण अक्षर बघ. हात कापत नाही त्याचा अजून." कार्ड आता तिच्या उशीखाली आहे. मला हवं असलं तर मागून घ्यावं लागतं.

मी इतकी खूश आहे की काय लिहू. आज चहात मीठ घातलं आणि प्यायले.

पाना


१७ एप्रिल

दादा,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत माझी खुशी उतरली. तू मला तेलाचं वेळेवर सांगितलंस. मी तुला पाण्याचं सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी रेडिएटरखालचा नळ मी सोडला होता.

बाबांना दिसेनासं झालं होतं, गाडी विकायची असं तुम्ही दोघांनी ठरवलं, गिऱ्हाईक तू शोधलंस, आणि गाडी त्याच्याकडे पोचवायला तूच निघणार होतास. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. माझी चूक तिथूनच सुरू होते. तू अंघोळीला गेलास तेव्हा मी गाडीखाली शिरले, अर्धं पाणी बादलीत काढलं, नळ पुन्हा बंद केला आणि पाणी मोरीत ओतलं. मला वाटलं, कोपऱ्यावर पोचेपर्यंत वाफ येईल, तू परत फिरशील, गिऱ्हाईक घाबरून पळेल. गाडी राहील. एवढंच मनात होतं. तू नऊ किलोमीटर जाशील हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

गाडी दोराने ओढून आणली तेव्हा बाबा तुला मागोमाग आलेल्या गिऱ्हाइकासमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "पाणी न बघता गाडी काढतोस, आणि इंजिनिअर म्हणवतोस?" तू म्हणालास, "पाणी काल बघितलं होतं." ते खरं होतं. मला माहीत होतं ते खरं आहे. मी दारात उभी होते. बाबा म्हणाले, "वर खोटं बोलू नकोस." दोन दिवसांनी तू जहाजावर गेलास. तुला माझ्यावर संशय होता की नुसता मी गप्प राहिले याचा राग, ते मला आजवर कळलेलं नाही. कुठलंही असो, बरोबरच होतं.

तीन वर्षांनी बाबा गेले, तुझ्यावर रागावलेलेच गेले. तो राग माझ्या वाट्याचा होता. तू बोटीवर होतास, पोचू शकला नाहीस, तर लोक म्हणाले, एका गाडीपायी बापाला शेवटचं बघायला आला नाही. मी तिथेच चहाचे कप गोळा करत होते. तेव्हाही बोलले नाही.

माफ कर असं तीनदा लिहून खोडलंय. माफी मागायला तोंड नाही. पण हेड तू जाळलं नाहीस, हे कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. ते लिहून देते आहे.

हे पत्र टाकून आले की आईलाही सांगणार आहे.

तुझी बहीण


१२ मे

दादा,

तुझं काही आलेलं नाही. येईलच असं धरून मी बसलेली नाही. पण इकडे जे घडलं ते तुला कळायला हवं.

आईला सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, ओट्यावरचं दूध झाकलं, आणि सहा दिवस माझ्याशी बोलली नाही. घरात तिसरं कुणी नाही, म्हणून मग कपाटाशी बोलायची. "जेवायला वाढलंय म्हणावं." "डोक्याला तेल लाव म्हणावं, केस बघ." मीही कपाटालाच हो म्हणायचे. एकदा ऐकलं, ती आत एकटीच रडत होती. तेव्हा कपाटाकडूनही काही निरोप आला नाही.

सातव्या दिवशी ती आपलं स्टूल घेऊन गॅरेजमध्ये आली आणि बसली. मी हेड चढवून ठेवलं होतं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत आवळलेले. व्हॉल्व्ह जुळवलेले. पाणी भरलेलं. फक्त चावी फिरवली नव्हती.

"हे सुरू कधी होणार?" तिने विचारलं. कपाटाला नाही, मला.

"दादाचं उत्तर आलं की."

"त्याचं तो बघेल. गाडीने कुणाचं काय केलंय? तिला कशाला ताटकळवतेस?"

मग काकांना बोलावून आणलं. आधी प्लग काढून ठेवले आणि नुसता स्टार्टर फिरवला. वरचं कव्हर उघडंच होतं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. काही नाही. काही नाही. मग पहिल्या रॉकरपाशी एक थेंब फुगला, घरंगळला, त्यामागून दुसरा, आणि मग सगळ्या रॉकरवरून तेल निथळायला लागलं, सोनेरी, स्वच्छ. आई म्हणाली, "अगंबाई, आलं की!" तू ते बघायला हवं होतंस. खरं तर तूच बघितलं होतंस, आमच्या आधी.

प्लग लावले. चावी दिली. खोकलं. पुन्हा दिली, मागून काळा धूर काढून थांबलं. तिसऱ्यांदा धरलं आणि सोडलंच नाही! आधी सगळी गाडी थरथरली, मग मी कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि आवाज एकसारखा झाला. काकांनी घाईने डावा कान इंजिनाकडे केला, म्हणजे उजवा बहिरा, कळलं एकदाचं! ते डोळे मिटून म्हणाले, "चारही बोलतायत." आई टाळ्या वाजवत होती. मी रडत होते, मग तीही रडायला लागली, आणि काका आम्हाला समजावत होते की धूर फार झालाय.

बंद केल्यावर आईने माझ्याकडे पाहिलं. "पाणी तू सोडलं होतंस ना?"

"हो."

"मग यापुढे रोज सकाळी पाणी तूच बघायचंस. जगशील तोवर."

शिक्षा झाली. अठरा दिवस झाले, रोज बघते आहे.

पाना


३ जून

दादा,

सात पानं!

पहिली तीन मी उभ्याने वाचली, फाटकातच. चौथ्या पानावर खाली बसले. "पुलाच्या अलीकडेच काटा लाल रेषेवर गेलेला मी पाहिला होता. तरी दाबत गेलो." हे वाक्य मी पाच वेळा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. मग आत जाऊन आईला ओरडून वाचून दाखवलं. तिच्या हातातलं भांडं खाली पडलं.

अरे, काटा पाहिला होतास! बारा वर्षं मी एकटी आतल्या आत कुढत होते आणि तू काटा पाहिला होतास! निघताना बाबा म्हणाले होते, "नीट चालवशील ना, जमेल ना तुला?" आणि तेवढ्यावरून तुझा पारा चढला, थांबायचं नाही, परत फिरायचं नाही, गाडी पोचवूनच दाखवायची. पाच मिनिटं थांबून, खाली वाकून, पाणी घातलं असतंस तर हेड वाचलं असतं, हे तूच लिहिलंयस. वाकायची लाज वाटली, हेही तूच लिहिलंयस. एवढं मोठं जहाज सांभाळणारा माणूस! मी इतकी संतापले, दादा, की हसायलाच लागले. थांबता येईना. आई आधी मला रागावली, मग तुला रागावली, मग तिलाही हसू फुटलं, आणि मग आम्ही दोघी जमिनीवर बसून राहिलो.

तू लिहिलंयस, "माझ्याकडून हिशोब मिटला असं इतक्यात म्हणणार नाही, कारण बाबांचं राहूनच गेलं." नको म्हणूस. ते राहिलंच आहे, माझंही. त्यावर खाच पाडून वाट काढता येईल असं मला वाटत नाही. पण त्यांच्याबद्दल बोलायला आता आपण दोघं आहोत. मी नऊ वर्षं ते कुणाशीच बोलले नाही, कारण प्रत्येक गोष्ट शेवटी, मी गप्प उभी होते त्या दारापाशी येऊन थांबायची.

टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हवरची ती फट, किती ठेवला हे तू सात पानांत तीनदा विचारलंयस. पुस्तकात आहे तेवढाच ठेवलाय. गरम इंजिनावर पुन्हा तपासला. आता पुरे.

आज सकाळी पाणी बघितलं आणि गाडी बाहेर काढली. आई पुढच्या सीटवर, काच खाली, हात बाहेर. दिसेल त्याला हात करत होती, ओळखीचे असोत नसोत. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ आठवतो ना, जिथे बाबा दुसरा गिअर टाकून आपल्या सगळ्यांना पुढे झुकायला सांगायचे, गाडीला हलकं वाटावं म्हणून? मी कान देऊन होते. ठोकते का, ठोकते का. काही नाही! तिसऱ्या गिअरवर चढली. तरीही आई झुकलीच. काटा मधोमध, जरा हलला नाही. वर पोचल्यावर आम्ही खाली सगळं गाव बघितलं आणि परत निघालो.

आता टपालपेटीसमोर उभे आहोत. इंजिन चालू आहे, मी स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं नाचतंय. बंद करायला मन होत नाही. आई म्हणते तिलाही लिहायचंय. पेन तिच्या हातात देते.

पाना

बाळा, हिने बसल्या जागी अर्धा तास घेतला. मागे दोन गाड्या थांबल्यात आणि ही त्यांना हॉर्न देते आहे. माझी तब्येत बरी आहे. मला इतकंच लिहायचंय की फोनवर तुझ्यावर रागवायचं आणि घरात हिच्यावर, असं सुटं सुटं करून मी दमले. मला तुम्हा दोघांना समोरासमोर उभं करून एकदाच काय ते बोलायचंय. तिकीट काढ. तुला घ्यायला येऊ तेव्हा मी पुढे बसणार, तू मागे बसायचंस.

आई